पायटेस्टला तुमचं मॉड्यूल का सापडत नाही?

मी बोलतोय सुलतानपूरहून. लोणारजवळचं, आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं. उत्तर प्रदेशात याच नावाचा अख्खा जिल्हा आहे, आणि आजचा विषय पत्त्याचाच आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

कोड नीट चालतो, पण पायटेस्ट चालवलं की मॉड्यूल नॉट फाउंड एरर. फाइल तर समोर दिसतेय! झालंय असं की पायथन अख्खी डिस्क धुंडाळत नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, सिस डॉट पाथ. ती वरून खाली बघत जायची आणि नाव पहिल्यांदा जिथे सापडेल ते उचलायचं, एवढंच त्याचं काम.

आता समजा, प्रोजेक्टमध्ये 'हिशोब' नावाचं पॅकेज आहे आणि शेजारी 'टेस्ट्स' फोल्डर. नुसतं पायटेस्ट चालवलं तर यादीत 'टेस्ट्स' जातं, त्याच्या बाहेरचं फोल्डर जात नाही. मग हिशोब सापडणार कुठून? 'पायथन डॅश एम पायटेस्ट' असं चालवून बघा. आता तुम्ही टर्मिनलमध्ये जिथे उभे आहात ते फोल्डरही यादीत येतं, आणि एरर जातो. 'टेस्ट्स'मध्ये रिकामी इनिट फाइल टाकली तरी जातो, कारण मग पायटेस्ट एक पायरी वरचं फोल्डर धरतं. बरेच जण याला जादू समजतात.

पायटेस्ट 7 पासून, म्हणजे 2022 पासून, सेटिंगच्या फाइलीत पायथनपाथ लिहिता येतो. मला मात्र पायप्रोजेक्ट फाइल करून 'पिप इन्स्टॉल डॅश ई डॉट' हेच बरं वाटतं. प्रत्येक टेस्टच्या डोक्यावर सिस डॉट पाथ डॉट अपेंड चिकटवणं म्हणजे नुसती ठिगळं.

खरी भीती एररची नाहीच. कुणी आधी डॅश ई न लावता तेच पॅकेज इन्स्टॉल केलं असेल, तर जुनी कॉपी साइट पॅकेजेसमध्ये पडून असते. नुसतं पायटेस्ट तीच उचलतं. टेस्ट हिरव्या दिसतात, पण तुमचा नवा कोड तपासलाच गेलेला नसतो. पत्र उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरला पोचलं, आणि पोचपावतीही आली!

म्हणून टेस्टमध्ये एकदा हिशोब डॉट डबल अंडरस्कोर फाइल डबल अंडरस्कोर प्रिंट करा आणि पायटेस्टला डॅश एस लावा, नाहीतर ते प्रिंट दिसणार नाही. पाथ साइट पॅकेजेसचा आला, तर 'पिप अनइन्स्टॉल हिशोब' करा आणि डॅश ई लावून पुन्हा टाका.