मुरगळलेला पाय बरा झाला, तरी तोच पुन्हा का मुरगळतो? ट्रेकला निघण्याआधी समजून घ्या

खांडसहून शिडी घाटाने भीमाशंकर, आंबिवलीहून कोथळीगड किंवा खालापूरचा इर्शाळगड. पावसाळ्यात कर्जत-खालापूरच्या या वाटा उतरताना एक तक्रार हमखास ऐकू येते : 'मागे मुरगळलेला तोच पाय पुन्हा मुरगळला.' दुखणं तर कधीच थांबलेलं असतं. मग बिघाड राहतो कुठे?

डोळे मिटा आणि बोट नाकाच्या शेंड्यावर टेकवा. न पाहताही ते बरोबर पोहोचतं. कोणता सांधा किती वाकलाय, कुठे हलतोय, हे मेंदूला सतत कळत असतं. याला प्रोप्रिओसेप्शन म्हणतात. १९०६मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी हा शब्द रूढ केला. शाळेतल्या पाच ज्ञानेंद्रियांत मात्र याला जागाच नाही!

याचे 'सेन्सर' दोन ठिकाणी असतात. सांध्याचं आवरण आणि हाडांना बांधणारे अस्थिबंध यांत मज्जातंतूंची टोकं असतात. पूर्वी सगळं श्रेय त्यांनाच मिळायचं. पण १९७२च्या एका प्रयोगात स्नायूच्या टोकाशी कंपनं दिली, तेव्हा स्थिर हातही हलतोय असा भास झाला. म्हणजे मुख्य काम स्नायूंतल्या ताण मोजणाऱ्या तंतूंचं. सांध्यातली टोकं जास्त जागी होतात ती सांधा टोकापर्यंत वळल्यावर. घोटा आत कलंडतो, तो नेमका असाच. ताण पडला की या मज्जातंतूंमधलं 'पिएझो २' हे सूक्ष्म दार उघडतं आणि संदेश निघतो. या शोधासाठी आर्डेम पटापुटियन यांना २०२१चं नोबेल विभागून मिळालं.

पाय मुरगळतो तेव्हा घोट्याच्या बाहेरचे अस्थिबंध ताणले किंवा फाटले जातात आणि त्यांतली टोकंही दुखावतात, असं ब्रिटिश डॉक्टर फ्रीमन यांनी १९६५मध्ये मांडलं. घोटा सावरणारे स्नायूही कमजोर पडतात. इंजिनिअरिंगच्या भाषेत, फीडबॅक लूप मंदावतो. शेवाळलेल्या दगडावर पाऊल कलंडतं आणि 'सावर' हा निरोप उशिरा पोहोचतो. भाताच्या निसरड्या बांधावरही तेच.

क्रेप बँडेज आणि तेलाच्या मालिशने हे परत येत नाही. त्यासाठी सराव लागतो. सूज उतरल्यावर, फिजिओथेरपिस्टला विचारून, भिंतीजवळ त्या एकाच पायावर उभं राहा. जमू लागलं की डोळे मिटून. दोन्ही पायांतला फरक लगेच कळेल. दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर दुखत असेल, तर मात्र आधी एक्स-रे.