पोळीशी कट्टी कशाला?

‘मी कार्ब्ज बंद केलेत!’ हे वाक्य सध्या कँटीनमध्ये हमखास कानावर पडतं. डब्यातली पोळी मैत्रिणीला, भात तसाच परत घरी आणि संध्याकाळी क्लासला जाताना भूक अनावर झाली की वडापाव! तरीही आठवड्याभरात वजनकाटा किलोभर खाली येतो आणि सगळा दोष त्या पोळीचाच होता, अशी खात्री पटते. पण थांबा. त्या किलोभरात चरबी किती आणि पाणी किती, याचा हिशोब केलाय का?

घास ते ग्लुकोज

एक सोपा प्रयोग करून बघा. भाकरीचा किंवा पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि मिनिटभर चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागेल. पीठ म्हणजे प्रामुख्याने पिष्ट, आणि पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. लाळेतलं अमायलेज हे विकर ती माळ तोंडातच तोडायला घेतं. जठरातल्या आम्लात त्याचं काम थंडावतं आणि लहान आतड्यात स्वादुपिंडातून आलेलं अमायलेज ते पुन्हा हाती घेतं. सुटे झालेले मणी आतड्याच्या भिंतीतून रक्तात उतरतात. रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि ग्लुकोज पेशींच्या कामी येतं.

लगेच न लागणारं ग्लुकोज ग्लायकोजेनच्या रूपात साठवलं जातं. यकृतात साधारण 100 ग्रॅम आणि स्नायूंमध्ये त्याच्या तीन-चार पट. हे कोठार भरल्यावरही खाणं गरजेपेक्षा जास्तच राहिलं, तर ती जादा ऊर्जा चरबी होऊन अंगावर बसते.

आता वजनकाट्याची गंमत. एक ग्रॅम ग्लायकोजेन साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. कार्ब्ज तोडल्यावर पहिल्या काही दिवसांत हे कोठार रिकामं होत जातं. समजा 300 ग्रॅम ग्लायकोजेन संपलं, तर सोबत 900 ग्रॅम पाणीही गेलं. झालं की जवळपास सव्वा किलो कमी! पुन्हा जेवायला लागलात की तेवढं वजन परत. यात चरबीचा संबंधच आलेला नाही.

मेंदूचा खुराक

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम 2 टक्के, पण आपण निवांत बसलेलो असतानाही एकूण ऊर्जेतला साधारण 20 टक्के वाटा तो एकटा खातो. दिवसाला सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज! शिवाय त्याच्याकडे स्वतःचा साठा जवळजवळ नसतो. रात्री तुम्ही झोपलेले असताना यकृत त्याला पुरवठा करत असतं.

कार्ब्ज थांबवले म्हणून मेंदू लगेच बंद पडतो असं नाही. यकृत प्रथिनांपासून ग्लुकोज तयार करतं, पुढे चरबीपासून कीटोन्स बनतात आणि मेंदू त्यावरही चालतो. पण या बदलाशी जुळवून घेताना अनेकांना थकवा, डोकेदुखी, चिडचिड सोसावी लागते. सबमिशनच्या आठवड्यात हे कुणी सांगितलंय? कीटो आहार 1920च्या दशकात एपिलेप्सीच्या रुग्णांसाठी उपचार म्हणून वापरात आला. तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. रील बघून सुरू करण्यातली ही गोष्ट नव्हे.

मग चुकतंय कुठे?

कार्ब्ज अगदीच निर्दोष आहेत असंही नाही. 2025मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाबच्या देशव्यापी अभ्यासानुसार, आपल्या रोजच्या ऊर्जेपैकी सुमारे 62 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. त्यातही पांढरा तांदूळ, दळलेलं धान्य आणि साखर यांचाच भरणा. प्रथिनं मात्र जेमतेम 12 टक्के. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024च्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की तृणधान्यांमधून 45 टक्क्यांपेक्षा जास्त ऊर्जा नको. म्हणजे प्रश्न प्रमाणाचा आहे आणि ताटातल्या सोबतीचा.

वडापावचंच बघा. आत बटाटा, बाहेर मैद्याचा पाव. पिष्टावर पिष्ट! सोबत 300 मिलीचं कोल्ड्रिंक घेतलंत, तर त्यातच साधारण 30 ग्रॅम साखर, म्हणजे सहा-सात चमचे. त्यात चावायला काही नाही, चोथाही नाही. साखर झटपट रक्तात येते, काही जणांच्या बाबतीत ती तितक्याच वेगाने उतरते आणि तासा-दोन तासांत पुन्हा भूक! ज्वारीची भाकरी आणि मटकीची उसळ खाल्ली, तर तंतुमय पदार्थ आणि प्रथिनं ग्लुकोजचा वेग आवरतात. आपल्याला न पचणारा चोथाही वाया जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याच्यावर जगतात आणि बदल्यात आतड्याच्या पेशींना पोसणारी आम्लं बनवतात.

ताटात काय बदलाल?

पोळी बंद करू नका, तीनऐवजी दोन घ्या आणि उसळीची वाटी मोठी करा. मेसमध्ये दुसऱ्यांदा भात घेण्याऐवजी वरण आणि भाजी मागून घ्या. पोह्यांत शेंगदाणे, मटार हात सैल सोडून घाला. उपवासाचा साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तेव्हा त्याच्यासोबत वाटीभर दही असू द्या. बॅगेत चणे-फुटाण्यांची पुडी ठेवा, म्हणजे क्लासच्या वाटेवर वडापावच्या गाडीपाशी पाय रेंगाळणार नाहीत. मधुमेह किंवा दुसरा काही आजार असेल, तर आहारात बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि परीक्षेच्या दिवशी? रात्रभर मेंदूला पुरवठा करून यकृताचं कोठार सकाळी बरंच खाली आलेलं असतं. अशा वेळी नुसत्या चहावर तीन तासांचा पेपर काढायला जाऊ नका. एखादी पोळी-भाजी आणि उकडलेलं अंडं किंवा मुगाचं धिरडं खाऊनच घराबाहेर पडा.