गोधडी शिवायची? आधी कापड ओळखा

दुपारची कामं आटोपून रेडिओजवळ बसला असाल. हातात काही निवडायला असेल तर निवडत निवडत ऐका. आज आपण गोधडीबद्दल बोलणार आहोत. कुणी तिला गोधडी म्हणतं, कुणी वाकळ. विकायची गोधडी नव्हे बरं का, आपल्या घरात आपल्याच माणसांनी पांघरायची.

तुम्ही म्हणाल, गोधडी काय शिकवायची? आमच्या आज्या शिवत होत्या, आम्हीही शिवतो. खरं आहे. पण आज्यांच्या ट्रंकेत सुती लुगडी होती. आपल्या कपाटातल्या कितीतरी साड्या पॉलिस्टरच्या आहेत. टाका तोच राहिला, कापड मात्र बदललं. माझी चूक तिथेच झाली. ती आधी सांगते.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मी हौसेने चांगल्या चकचकीत साड्या काढल्या आणि बाळासाठी गोधडी शिवली. येणारीजाणारी हात लावून बघायची, इतकी सुंदर दिसत होती. पण बाळ तिच्यावर निजलं की पाठ घामाने ओली व्हायची. चार दिवसांत घामोळं उठलं. पुढे एकदा शेगडीतली ठिणगी त्या गोधडीवर उडाली. बाळ तेव्हा लेकीच्या मांडीवर होतं म्हणून निभावलं. ठिणगी पडली तिथे कापड वितळलं. रुपयाएवढं भोक पडलं आणि त्याची कड टणक झाली. तो तापलेला थेंब बाळाच्या अंगाला चिकटला असता तर? त्या रात्री मला झोप लागली नाही.

असं का होतं ते समजून घेऊ या. सुती धागा घाम शोषून घेतो आणि हळूहळू सुकतो. पॉलिस्टरचा धागा घाम जवळजवळ शोषतच नाही, म्हणून अंग चिकचिकतं. आगीपासून दोन्ही जपायलाच हवीत, कारण सुती कापडही पेट घेतं. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि भाजणं खोलवर जातं.

मग कापड ओळखायचं कसं? साडीच्या कडेचे चार-पाच धागे ओढून काढा. त्यांचा पीळ करून चिमट्यात धरा. खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवा. पोरांना लांब बसवा आणि मग धाग्याला काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागद जळल्यासारखा येतो आणि बोटांनी चुरडेल अशी मऊ राख उरते. पॉलिस्टर आधी आक्रसतं, मग वितळतं आणि गार झालं की काळी टणक गुठळी होते. राखेत बारीक गुठळ्या सापडल्या तर कापड मिश्र आहे असं समजा. उभे आणि आडवे, दोन्ही धागे तपासा. कधी एक सुती असतो, दुसरा नसतो.

सुती साडी कमी पडली तर जुनी धोतरं, सुती चादरी, सदरे, पेटीकोट चालतात. कापड दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी ताणून बघा. टरकलं तर ते आतल्या थरात घाला. पक्कं असेल तर वर आणि खाली लावा. साडीचा निऱ्यांकडचा भाग आधी विरतो, पदर मात्र चांगला राहतो. म्हणून पदर वरच्या बाजूला घ्यावा.

आता माप. सहावारी साडी म्हणजे 18 फूट. तिचे 6 फुटांचे तीन तुकडे होतात. पन्हा साधारण 45 इंच. म्हणजे एका साडीत एकट्या माणसाच्या गोधडीचे तीन थर निघतात आणि दोन साड्यांत सहा. एवढे थर थंडीला पुरतात. नऊवारी लुगडं 27 फुटांचं. त्यात 6 फुटांचे चार तुकडे होऊन 3 फूट उरतं, ते बाळाच्या दुपट्याला वापरा.

थर वाढवले की ऊब वाढते, कारण दोन थरांच्या मध्ये हवा अडकून राहते. ती हवाच अंगातली ऊब धरून ठेवते. म्हणून टाका फार ओढून घालू नका, गोधडी चप्पट होते. फार लांब लांबही नको, नाहीतर पहिल्याच धुण्यात आतले तुकडे एका कोपऱ्यात गोळा होतात. दोन ओळींत पाऊण इंच अंतर बरं.

शिवण्याआधी सगळं कापड धुऊन कडक उन्हात वाळवा. फॉल, टिकल्या, जर काढून टाका. ओसरीवर चटई टाकून थर एकावर एक अंथरा. कोपऱ्यांवर वरवंटा, पाट, काहीही जड ठेवा. मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या काढा आणि मोठा कच्चा दोरा घाला. मग चारही कडा इंचभर आत दुमडून शिवून घ्या. त्यानंतर धावदोरा. कुणी कडेकडेने फिरत मध्यावर येतं, कुणी सरळ उभ्या ओळी घालतं. दोन्ही बरोबर. दोरा सुतीच घ्या आणि हातभरच ठेवा, म्हणजे गुंता होत नाही. गाठ थरांच्या आत लपवा. शेवटी कच्चा दोरा काढून टाका.

45 इंचांत पाऊण इंचाच्या 60 ओळी बसतात. प्रत्येक ओळ 6 फुटांची, म्हणजे 360 फुटांची शिवण झाली. एका ओळीला 15 मिनिटं धरली तर 15 तास. दोघी जणी रोज तासभर बसल्या तर आठ दिवसांत गोधडी पुरी होते. घरच्यांना हा हिशोब जरूर सांगा. "दुपारी नुसतं बसून काय करतेस?" असं पुन्हा कुणी विचारणार नाही.

एक नियम मात्र पाळाच. बसताना सुया मोजायच्या आणि उठतानाही मोजायच्या. एक जरी कमी आली तरी ती सापडेपर्यंत गोधडीवर कुणाला निजू द्यायचं नाही.

तान्ह्या बाळाला दोन-तीन थरांचं हलकं दुपटं पुरे. झोपेत त्याच्या तोंडावर पांघरूण येऊ देऊ नका. बंद खोलीत पेटती शेगडी तर ठेवूच नका, कोळशाचा विषारी वायू कळतही नाही.

तुम्हाला वाटेल, मग त्या पॉलिस्टरच्या साड्यांचं काय करायचं? टाकू नका. त्यांच्या पिशव्या शिवा, पायपुसणी विणा, गाठोड्याला वापरा. फक्त चुलीपासून आणि बाळापासून लांब ठेवा.

माझी ती चकचकीत गोधडी मी उसवली. नंतर सासूबाईंची दोन सुती लुगडी काढली आणि आम्ही पुन्हा बसलो. सासूबाईंना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो माझा धाकटा ओवून द्यायचा. ओळ घालताना त्या सांगायच्या, हे लुगडं कुठल्या बाजारातून आणलं, कुणाच्या लग्नात नेसले. लेकीने ते सगळं पहिल्यांदाच ऐकलं. नातू आता तीन वर्षांचा आहे. कुठेही निजायला गेला तरी तीच गोधडी मागतो.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने घरातलं एक जुनं कापड आणा. सगळ्या मिळून धागे जाळून बघा, सुती कोणतं ते ठरवा. आणि पहिली गोधडी आपल्या घरासाठीच शिवा. नमस्कार.