शाईजवळचा तंतू

स्वादुपिंडाचा नमुना फॉर्मॅलिनमध्ये मुरला की कापण्याजोगा घट्ट होतो. ग्रॉसिंगच्या, म्हणजे नमुना कापून तपासण्याच्या, टेबलावर मी आधी त्याच्या मागच्या बाजूला काळी शाई लावते, म्हणजे सर्जनच्या कापाची कड नंतर ओळखता येते, मग चकत्या करते. गाठ डोळ्यांआधी बोटांना कळते. सुरी तिथे कच्च्या पेरूत अडावी तशी अडते.

सोबतच्या कागदावर सर्जनने लिहिलंय की रुग्णाची पाठ दुखते, पुढे वाकून बसलं की बरं वाटतं. ते डोक्यात ठेवूनच मी दोन दिवसांनी स्लाइड्स बघायला बसते आणि सगळ्यांत आधी चेतातंतू शोधते.

निरोगी भागात तो ओल्या केसांच्या बटेसारखा दिसतो: फिकट गुलाबी, नागमोडी. जवळच इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची बेटं. बर्लिनच्या पाउल लांगरहान्सने विद्यार्थी असताना १८६९ मध्ये ती पहिल्यांदा टिपली. सशाच्या स्वादुपिंडात त्यांच्याभोवती तंतूंची दाटी असल्याचंही त्याने नोंदवलं. हा शेजार गर्भातलाच. तंतू घडवणाऱ्या पेशी गर्भाच्या पाठीकडून सरकत स्वादुपिंडापर्यंत येतात. उंदरांच्या गर्भात त्या पोचू दिल्या नाहीत, तेव्हा इन्सुलिनच्या पेशी संख्येने वाढल्या, पण पुरत्या पिकल्या नाहीत. वाढ आवरणं आणि पेशी पक्व करणं, दोन्हींत या शेजाऱ्यांचा हात असतो. मला हे फार विलक्षण वाटतं.

पुढच्या स्लाइडवर तीच बट जाडजूड झालेली आणि तिच्याभोवती कर्करोगाच्या वेड्यावाकड्या ग्रंथींचं कडं. एक तर आवरण फोडून आत शिरलेली. स्वादुपिंडाच्या कर्करोगात हे इतकं नेहमीचं की दिसलं नाही तर मी पुन्हा शोधते. या तंतूंची वाट पोटामागच्या, महाधमनीलगतच्या चेताजालाकडे जाते, पाठदुखी तिथूनच. दुखणं असह्य झालं तर डॉक्टर त्याच जाळ्यात सुईने अल्कोहोल सोडतात. आणि तंतू नुसता वाट देत नाही, गाठीला पोसतोही. मिरचीतल्या कॅप्सेसिनने जन्मानंतर लगेच संवेदी तंतू निकामी केलेल्या उंदरांत हा कर्करोग उशिरा वाढला.

अकराव्या ब्लॉकची, म्हणजे मेणात बसवलेल्या अकराव्या तुकड्याची, स्लाइड. वेढलेला एक तंतू काळ्या शाईच्या अगदी जवळ. मोजते: एक मिलिमीटरहून कमी. शाईला टेकलाय का, ते या कापात स्पष्ट नाही.

मी तंत्रज्ञांना हाक मारते. ‘‘दादा, अकरा नंबरचे आणखी खोल काप हवेत.’’

‘‘किती, मॅडम?’’

‘‘तीन द्या.’’

ते ब्लॉक बर्फावर ठेवतात.