पांढरीला रंग द्यायचा, तर आधी वाफसा बघा!

काळीत बी टाकण्याआधी आपण वाफसा बघतो. पांढरीतल्या घराला रंग देताना मात्र भिंत ओली की सुकी, हे बघायचं राहून जातं. दसरा-दिवाळी तोंडावर आली की दुकानातून डबा येतो, घर चार दिवस झळकतं आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीचे पोपडे हातात येतात.

जुन्नर-आंबेगावात पावसाच्या दोन तऱ्हा. नाणेघाट, भीमाशंकरकडं तो कोसळतो; नारायणगाव, मंचरच्या बाजूला रोडावतो. पश्चिमेकडच्या जुन्या दगडमातीच्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात. ही ओल वाफ होऊन बाहेर पडली पाहिजे. ऑइलपेंटनं तिची वाट बंद होते. मग रंग फुगतो आणि आतली माती भुसभुशीत होते. चुन्यातून ओल निघून जाते, म्हणून अशा भिंतीला चुनाच बरा.

'पण आम्हाला सायीसारखा रंग हवा,' असं घरातली मंडळी म्हणतील. हौस रास्त आहे, आणि ती चुन्यातही भागते. नीळ टाकली की पांढरा रंग थंड दिसतो. चिमूटभर पिवडी टाकली की उबदार होतो. बुटक्या दारांच्या, लहान खिडक्यांच्या कौलारू घरात अशा फिकट रंगानं उजेड वाढतो.

कृती सोपी आहे. 1 किलो कळीच्या चुन्याला साधारण 5 लिटर पाणी घ्या. लोखंडी पिंपातल्या पाण्यात कळी थोडी थोडी सोडा. पाणी उकळतं, तेव्हा पोरांना लांब ठेवा आणि डोळे सांभाळा. चुना डोळ्यात उडालाच, तर स्वच्छ पाण्यानं बराच वेळ धुऊन दवाखाना गाठा. निवळी 24 तास मुरू द्या आणि फडक्यानं गाळा. दर 10 लिटरला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घाला. डिंक कमी पडला, तर चुना अंगाला लागतो.

पिवडी वेगळी भिजवून, गाळून, थोडी थोडी मिसळा. ओला रंग गडद दिसतो, वाळल्यावर उतरतो. म्हणून आधी कोपऱ्यात हातभर लावून दुसऱ्या दिवशी बघा. खोलीपुरता रंग एकदमच कालवा, दुसऱ्या खेपेला छटा जुळत नाही. नव्या भिंतीला तीन हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा.

पूर्वेकडच्या सिमेंटच्या घरांना डिस्टेंपर चालतो. पण गिलावा पुरता सुकू द्या, लोणा दिसला तर ओलीचं मूळ शोधा. जुन्या ऑइलपेंटवर चुना धरत नाही, तो खरवडावा लागतो. घरगुती रंगातलं शिसं दशलक्ष भागांत 90 भागांपर्यंतच असावं, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात ते जास्त असू शकतं. तेव्हा भिंत ओली करूनच खरवडा आणि लहान मुलांना तिथं फिरकू देऊ नका.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक विनंती. शाळाखोली, अंगणवाडी, समाजमंदिराच्या रंगाचा अंदाज काढताना आधी कौलं, पन्हळी आणि भिंतीलगतचा चर बघा. गळती तशीच ठेवून दिलेला रंग म्हणजे गावाचा पैसा पाण्यात!