तीन फुल्यांचे शहर

ॲमस्टरडॅममध्ये तीन फुल्या चुकवू म्हटले तरी चुकत नाहीत. रस्त्याकडेच्या लोखंडी खुंटांवर त्या असतात, कचरागाडीच्या दारावर असतात, महापालिकेच्या पत्रावर असतात आणि अजाक्स फुटबॉल क्लबच्या कर्णधाराच्या दंडपट्टीवरही असतात. रेड लाइट भागासाठी आलेला पर्यटक त्यांचा भलताच अर्थ लावतो आणि त्या छापलेले टी-शर्ट घेऊन घरी जातो. दुकानदार त्याची समजूत काढायच्या भानगडीत पडत नाहीत. पण या फुल्या प्रौढांच्या सिनेमापेक्षा काही शतकांनी जुन्या आहेत. त्या शहराच्या मानचिन्हातून आल्या आहेत.

हे मानचिन्ह असे आहे : लाल ढाल, तिच्या मधोमध उभा काळा पट्टा, पट्ट्यावर एकाखाली एक अशा तीन रुपेरी तिरक्या फुल्या. ढालीवर सम्राटाचा मुकुट, दोन्ही बाजूंना ढाल धरून उभे राहिलेले दोन सोनेरी सिंह आणि खाली फितीवर तीन शब्द. हे सगळे एका दिवसात कुणी रेखाटलेले नाही. फुल्या मध्ययुगातल्या, मुकुट 1489 चा, सिंह त्यानंतरचे आणि शब्द थेट 1947 चे. प्रत्येक थराची हकीकत वेगळी आहे.

फुल्यांपासून सुरुवात करू. स्थानिक वाटाडे हमखास सांगतात, की तीन फुल्या म्हणजे शहरावरची तीन संकटे : आग, पूर आणि प्लेग. ॲमस्टरडॅमने ही तिन्ही संकटे भोगली हे खरे. 1421 आणि 1452 च्या आगींत लाकडी घरांचे हे गाव मोठ्या प्रमाणावर जळाले. समुद्रसपाटीच्या आसपास, मातीच्या बांधाआड वसलेल्या वस्तीला पाण्याचे भय कायमचेच. तरीही ही कथा मागाहून जोडलेली आहे. युरोपातली गावे आपली ढाल बहुधा जमीनदाराच्या घराण्याकडून घेत, संकटांच्या यादीतून नव्हे. तेराव्या शतकात काही काळ ॲमस्टरडॅमची सत्ता यान पर्साइन या सरदाराकडे होती आणि ढालीचे मूळ त्याच्या घराण्यात असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. शेजारच्या अम्स्टलफेन आणि आउडर-अम्स्टल या गावांच्या ढालींवरही अशाच फुल्या आहेत, हा त्याला मोठा आधार. ही फुली सेंट अँड्र्यूची म्हणून ओळखली जाते. ख्रिस्ताचा हा शिष्य मासेमार होता आणि परंपरा सांगते, की त्याला तिरक्या क्रूसावर चढवण्यात आले. मासेमारांच्या गावाला हा संत जवळचा वाटला असेल, तर त्यात नवल नाही.

मधला काळा पट्टा म्हणजे अम्स्टल नदी, असेही सांगतात. या नदीवर धरण बांधले म्हणून गावाला नाव मिळाले. नावाचा पहिला लेखी उल्लेख 27 ऑक्टोबर 1275 च्या सनदेत सापडतो, ज्यात काउंट फ्लोरिस पाचवा याने इथल्या रहिवाशांना जकात माफ केली. गंमत अशी, की हा पट्टा मानचिन्हशास्त्राचा मूळ नियमच मोडतो. या शास्त्रात सोने आणि रुपे हे ‘धातू’, तर लाल, काळा, निळा, हिरवा हे ‘रंग’. रंगावर रंग ठेवायचा नाही, कारण रणांगणावर दुरून ओळखू येत नाही. लालवर काळा म्हणजे उघड नियमभंग. शहराने तो कधी दुरुस्त केला नाही.

खरे तर गावाचे जुने चिन्ह वेगळेच होते. सुरुवातीच्या मोहरांवर उंच काठांचे मालवाहू कॉग जहाज दिसते आणि त्यात माणसांबरोबर एक कुत्राही असतो. हे जहाज पुरते गेलेले नाही. धरणाच्या चौकातला राजवाडा मुळात नगरभवन म्हणून 1648 मध्ये बांधायला घेतला होता, त्याच्या घुमटावरचे वातकुक्कुट कोंबड्याचे नसून याच जहाजाचे आहे.

आता मुकुट. हाब्सबर्ग घराण्याचा मॅक्सिमिलियन नेदरलँड्समधल्या गटबाजीच्या लढायांत अडकला असताना ॲमस्टरडॅमने त्याची पाठराखण केली आणि पैसाही पुरवला. त्याची परतफेड म्हणून त्याने 1489 मध्ये शहराला आपला मुकुट ढालीवर मिरवण्याचा अधिकार दिला. राजाला यात पदरचे काही द्यावे लागले नाही, पण व्यापाऱ्यांना लाभ झाला. परक्या बंदरात शिरणाऱ्या जहाजावर एवढ्या मोठ्या आश्रयदात्याची खूण असली, की पत वाढते. पुढे मॅक्सिमिलियन सम्राट झाला तेव्हा ढालीवरचा मुकुटही सम्राटाचा झाला, आणि कालांतराने त्याला व्हिएन्नात जपलेल्या रुडॉल्फ दुसऱ्याच्या मुकुटाचा आकार आला.

यापुढचा भाग या शहराचा स्वभाव सांगतो. 1578 मध्ये ॲमस्टरडॅमने कॅथलिक कारभाऱ्यांना हाकलले आणि सत्ता प्रोटेस्टंटांकडे गेली. 1581 मध्ये डच प्रांतांनी हाब्सबर्ग राजाची सत्ताच झुगारून दिली. त्याच घराण्याचा मुकुट मात्र ॲमस्टरडॅमने ठेवून घेतला. प्रोटेस्टंटांनी बांधलेल्या वेस्टरकेर्क या चर्चच्या मनोऱ्यावर आजही तो निळ्या रंगात चमकतो. राजा नको, पण त्याने दिलेला मान हवा, हा व्यापाऱ्याचा हिशेब होता.

इथवरचे सगळे वारशाने किंवा देवघेवीतून आलेले. फितीवरच्या तीन शब्दांचे तसे नाही. दुसऱ्या महायुद्धात शहर जर्मनीच्या ताब्यात होते. 22 आणि 23 फेब्रुवारी 1941 ला जर्मन पोलिसांनी शहरातल्या ज्यूंच्या वस्तीवर धाडी घातल्या आणि चारशेहून अधिक तरुण ज्यू पुरुषांना पकडून नेले. त्यांपैकी जवळपास सगळे छळछावण्यांत मेले. 24 तारखेच्या संध्याकाळी नोर्डरमार्क्टच्या चौकात कामगारांची सभा भरली. तिथे बोलणाऱ्यांत विलेम क्रान आणि पीट नाक हे दोघे होते. एक रस्तेबांधणीच्या कामावरचा, दुसरा सफाई खात्यातला, दोघेही महापालिकेचे नोकर आणि बंदी घातलेल्या कम्युनिस्ट पक्षाचे. 25 ला सकाळी ट्राम बंद राहिल्या. गोदी थांबली, कारखाने थांबले आणि संप आसपासच्या शहरांत पसरला. जर्मनांनी तो गोळीबाराने आणि अटकसत्राने मोडला आणि तिघा संपकऱ्यांना 13 मार्चला गोळ्या घालून ठार केले. ज्यूंच्या छळाविरुद्ध जर्मनव्याप्त युरोपात झालेला असा उघड सार्वत्रिक संप विरळाच.

या संपाची आठवण ठेवून राणी विल्हेल्मिना हिने 29 मार्च 1947 ला शहराच्या मानचिन्हात तीन शब्द जोडले. त्यांचा अर्थ : शूर, निश्चयी, दयाळू. मारी आंद्रीसेन याने घडवलेला गोदी कामगाराचा पुतळा 1952 पासून धाडी पडल्या त्याच योनास डॅनिएल मायर चौकात उभा आहे. दर 25 फेब्रुवारीला लोक तिथे जमतात.

पण याच महापालिकेची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच 1941 साली पालिकेच्या सांख्यिकी विभागाने जर्मनांच्या आदेशावरून शहराचा नकाशा तयार केला, ज्यात प्रत्येक ठिपका म्हणजे दहा ज्यू. पुढे ज्यूंना रेल्वे स्थानकांपर्यंत नेण्यासाठी पालिकेच्याच ट्राम वापरल्या गेल्या आणि त्याचे भाडेही वसूल झाले. युद्धापूर्वी शहरात सुमारे 80 हजार ज्यू राहत होते, त्यांतले बहुसंख्य परतले नाहीत. ट्राम बंद पाडणारे आणि ट्राम चालवणारे दोघेही पालिकेचेच. महापौर फेम्के हाल्सेमा यांनी एप्रिल 2025 मध्ये या सहभागाबद्दल शहराच्या वतीने माफी मागितली. गुलामांच्या व्यापारातल्या वाट्याबद्दलची माफी त्यांनी 2021 मध्येच मागितली होती.

त्या व्यापाराच्या काळाचा एक धागा आपल्या किनाऱ्यालाही लागतो. 1602 मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची सर्वांत मोठी शाखा ॲमस्टरडॅमची. या शाखेच्या मुद्रेवर शहराचे आद्याक्षर ‘ए’ असे. सतराव्या शतकात याच कंपनीने वेंगुर्ल्याला वखार घातली होती आणि तिचे भग्न अवशेष तिथे अजून उभे आहेत.

आता बोधचिन्हाकडे. विसाव्या शतकाच्या अखेरीस पालिकेच्या प्रत्येक खात्याचे आपापले बोधचिन्ह झाले होते. पाणी एकाचे, वाहतूक दुसऱ्याची, कचरा तिसऱ्याचा आणि हे सगळे एकाच पालिकेचे आहे, हे नागरिकाला कळायची सोय नाही. 2003 मध्ये ईडन आणि थॉनिक या दोन रचनासंस्थांनी यावर उपाय शोधला आणि त्यासाठी नवे काहीच काढले नाही. सिंह वगळले, मुकुट वगळला, ढालही वगळली. एकाखाली एक तीन लाल फुल्या आणि बाजूला साधी अक्षरे, एवढेच राहिले. पत्रावर, गणवेशावर, गाडीवर, कुठल्याही आकारात ते वाचता येते.

पुढच्याच वर्षी पर्यटकांसाठी ‘आय ॲमस्टरडॅम’ ही घोषणा आली. तिची माणसापेक्षा उंच अक्षरे राइक्स संग्रहालयामागे उभी राहिली आणि त्यांवर चढून फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडाली. हे शहर म्हणजे ‘मी’ नव्हे, अशी तक्रार नगरसेवकांनी केली आणि डिसेंबर 2018 मध्ये ती अक्षरे हलवण्यात आली. शहराची ओळख बनणे चौदा वर्षांच्या घोषणेला जमले नाही, ते फुल्यांना जमले, कारण त्या विकण्यासाठी बनवलेल्या नव्हत्या.

ढालीवरच्या चित्रांचा मूळ अर्थ शोधणे रंजक आहे, पण शहराची ओळख त्यावर ठरत नाही. ॲमस्टरडॅमच्या मानचिन्हात सर्वांत वजनदार आहेत ते तळाचे तीन शब्द. एकदा लोकांनी ते कमावले आणि त्याच वर्षांत त्यांच्याच कार्यालयाने ते धुळीस मिळवले, म्हणून ते शोभेचे नाहीत, कारभाराला जाब विचारणारे आहेत. आपल्या पालिकांच्या चिन्हांवरही ब्रीदे आहेत. मुंबई महापालिकेच्या चिन्हावर ‘यतो धर्मस्ततो जयः’ लिहिले आहे. पुढच्या वेळी मालमत्ता कराची पावती हातात येईल तेव्हा आपल्या पालिकेचे ब्रीद वाचावे आणि सभागृहातल्या आपल्या नगरसेवकाला त्याचा हिशेब मागावा.