पाहुणा, खोली आणि उजेड

घाटकोपरच्या एका रुग्णालयात एक्स-रे काढणाऱ्या बाईंच्या एप्रनवर प्लॅस्टिकचा बॅज अडकवलेला दिसला. ओळखपत्र असेल म्हणून मी वाकून पाहिलं, तर नाव ना फोटो. ‘तीन महिन्यांनी हा तपासायला जातो,’ एवढं बोलून त्यांनी मला श्वास रोखायला लावला.

त्या बॅजमध्ये टेफ्लॉनच्या तीन चकत्या असतात. एक धातूच्या पडद्याआड, एक प्लॅस्टिकच्या, एक उघडी. चकत्यांत कॅल्शियम सल्फेट आणि त्यात चिमूटभर डिस्प्रोसियम. किरणोत्साराची ऊर्जा स्फटिकात अडकून राहते, आणि चकती तापवली की उजेड होऊन बाहेर पडते. जितका उजेड, तितकी मात्रा. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने रुळवलेली ही पद्धत १९७५पासून देशभर चालू आहे. कॅल्शियम सल्फेट हे घर, डिस्प्रोसियम हा पाहुणा. घर तेच ठेवून पाहुणा बदला, थुलियम आणा, की पिवळट उजेड निळा होतो. मात्र या घरात मोकळी जागा नाही. पाहुण्याला बसायचं तर एखाद्या कॅल्शियमला उठावं लागतं.

रिकाम्या खोल्यांचं घर बांधायची कल्पना त्यानंतरची. १९८९मध्ये मेलबर्नला रिचर्ड रॉबसन यांनी तांब्याचे अणू आणि सेंद्रिय रेणू जोडून पोकळ्यांचा सांगाडा उभारला. सुसुमु कितागावांनी १९९७मध्ये अशा सांगाड्यात वायू शिरतो आणि बाहेरही येतो, हे दाखवलं. १९९९मध्ये ओमर याघींचा ‘मॉफ-५’ आला; मॉफ म्हणजे असा धातू आणि सेंद्रिय रेणूंचा सांगाडा. त्याच्या एका ग्रॅमला साधारण २,९०० चौरस मीटर पृष्ठभाग, म्हणजे तीस हजार चौरस फुटांच्या वर. अंधेरीच्या भावाने हिशेब करू नये.

सुरुवातीला सगळ्यांचं लक्ष या खोल्यांत वायू साठवण्याकडे होतं. उजेडवाले जरा मागून आले. पुण्याच्या आयसरमध्ये सुजित घोष यांच्या गटाने २०१३मध्ये उलट्या बाजूने काम केलं: चमकणारा मॉफ घ्यायचा आणि पिक्रिक आम्लासारखं स्फोटक जवळ आलं की तो विझतो का, ते पाहायचं. विझला! त्या निबंधाच्या लेखकांपैकी अभिजीत चौधरी पुढे ऑक्सफर्डला जिन-चोंग टान यांच्याकडे गेले, आणि २०१६मध्ये तिथून आलेलं काम मला या सगळ्या वाटचालीतलं सर्वात गमतीचं वाटतं.

‘झिफ-८’ या जस्ताच्या सांगाड्यातली खोली साधारण १.१६ नॅनोमीटर रुंद, पण तिचं दार जेमतेम ०.३४. जस्त आणि हायड्रॉक्सीक्विनोलिनचा चमकणारा रेणू त्या दारातून शिरणं कठीण. मग आपल्या चाळीत काय करत? कपाट जिन्यावरून वर जात नसेल, तर सुताराला खोलीतच बसवून करून घेत. इथेही तेच: भिंती उभ्या राहतानाच पाहुणा आत घडवला. एकदा बंद झाला की तो निसटत नाही, प्रकाशात लवकर फिका पडत नाही, आणि खोलीच्या दाबामुळे त्याच्या ऊर्जेच्या पायऱ्या सरकतात, तसा रंगही.

पाहुणे किती, हाही प्रश्न आहेच. रंगद्रव्याचे रेणू एकमेकांना खेटले की एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे, दुसऱ्याची तिसऱ्याकडे जाते आणि वाटेतच उष्णता होऊन संपते. गर्दीत उजेड मरतो. ट्रॉम्बेच्या पावडरीतही डिस्प्रोसियम हजारी एकाच्या आसपासच ठेवतात, ते यासाठीच. खोल्यांच्या सांगाड्यात प्रत्येकाला वेगळी भिंत मिळते. मग निळा घरमालक आणि पिवळा पाहुणा नेमक्या प्रमाणात बसवले की पांढरा प्रकाशही साधता येतो.

रॉबसन, कितागावा आणि याघी यांना २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण मॉफ-५ला हवेतलं बाष्प सोसत नाही, त्याचे सांधे सुटतात. मुलुंडच्या जुलैत त्याला बाटलीबाहेर काढून पाहावं! झिफ-८ उकळत्या पाण्यातही टिकतो, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. त्या बाईंचा बॅज मात्र पावसाळाभर एप्रनवरच होता. सप्टेंबरअखेर तो तपासायला जायचा होता.